एकपदींचा गुणाकार आणि हरवलेली पाव लादी

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली भागातल्या शिकवणीवर्गांच्या काही सराववह्या आमच्या पाहण्यात आल्या. अपूर्णांक सहगुणक असलेल्या एकपदींच्या गुणाकारासाठी त्यांत एक चौकट दिलेली असते : आधी चिन्ह पाहा, मग सहगुणकांचा गुणाकार करा, मग समान अक्षरांच्या घातांकांची बेरीज करा. खाली उदाहरणांची रांग. चौकटीत चूक काहीच नाही. आमची तक्रार एवढीच की, गुणाकार कशाचा चालला आहे हे तीत कोठेच कळत नाही.

५/२ अ आणि ३/२ अ यांचा गुणाकार घ्या. नियमाने उत्तर येते १५/४ अ-वर्ग. आता ‘अ’ ही चौरस लादीची बाजू माना. डोंबिवलीतल्या एखाद्या बिऱ्हाडाची गॅलरी पाच फूट लांब, तीन फूट रुंद आणि लादी दोन फुटी. म्हणजे अडीच लाद्या गुणिले दीड लादी. दोन लाद्या अखंड बसतात. लांब कडेला दोन अर्ध्या लागतात, आखूड कडेला एक अर्धी आणि कोपऱ्यात उरते ती पाव. एकूण पावणेचार. मुलांच्या हातून निसटते ती ही कोपऱ्यातली पाव लादी. अर्ध्याला अर्ध्याने गुणले की अर्ध्याहून लहान संख्या येते, हे चित्राशिवाय पटत नाही. गुणाकाराने संख्या वाढते, असेच तोवर त्यांच्या मनात असते. शिवाय अ × अ म्हणजे एक अखंड लादी हेही याच चित्रात दिसते. मग ‘घातांकांची बेरीज’ हा मंत्र राहत नाही.

पूर्वी निमकी, दिडकी, अडीचकी पाठ असत. ती घोकंपट्टी परत आणा असे आम्ही म्हणणार नाही. पण ‘अडीच’, ‘पावणेचार’ हे शब्द मुलांच्या कानावर बाजारात रोज पडतात आणि वर्गात ५/२ दिसताच ती बिचकतात, याला काय म्हणावे?

नुकसान गणिताच्या तासापुरते नाही. गतिज ऊर्जेचे सूत्र, निम्मे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, ही अपूर्णांक सहगुणकाची एकपदीच आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट का होते, हे चौकट पाठ केलेल्या विद्यार्थ्याला विचारून पाहावे.

या वह्यांत ताळाही नसतो. २/३ अ-वर्ग गुणिले ९/४ अ याचे उत्तर ३/२ अ-घन. ‘अ’च्या जागी २ ठेवा : ८/३ गुणिले ९/२ म्हणजे १२, आणि ३/२ गुणिले ८ म्हणजेही १२. घातांकांची बेरीज न करता गुणाकार केला असता, तर अ-वर्ग येऊन ६ मिळाले असते व चूक तिथेच उघडी पडली असती. मात्र ताळ्यासाठी १ घेऊ देऊ नये. मुले सोपा म्हणून नेमका तोच घेतात. १ चा कोणताही घात १ च असल्याने घातांकाची चूक त्यात लपून जाते.