‘स्टेंट’ आणि ‘पित्त’ : दोन संज्ञांचे परीक्षण

परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा कोशापुरती मर्यादित राहते. संस्कृत प्रतिशब्द घडवावा की इंग्रजी शब्द तसाच ठेवावा, एवढ्यावर वाद थांबतो. ती संज्ञा रुग्णाच्या घरी पोहोचल्यावर तिचा कोणता अर्थ घेतला जातो, हे क्वचितच तपासले जाते.

पूनम सागर येथील आमच्या एका वृद्ध शेजाऱ्यांना पित्तमार्ग अडल्यामुळे कावीळ झाली. प्लॅस्टिकची नळी बसवून रुग्णालयाने त्यांना घरी धाडले. सोबतच्या कागदावर एवढेच मराठी होते : ‘पित्ताच्या नळीत स्टेंट टाकला आहे. नंतर दाखवावे.’ सहा महिन्यांनी थंडीताप व पिवळे डोळे घेऊन ते परतले. नळी तुंबली होती.

या वाक्यातील एकही शब्द चुकीचा नाही. तरीही वाक्य सदोष आहे. बोलभाषेत ‘पित्त’ म्हणजे आंबट ढेकर, मळमळ किंवा अंगावर उठणाऱ्या गांधी. ‘स्टेंट’ म्हणजे हृदयातला, जन्मभर राहणारा. शेजाऱ्यांनी रूढ अर्थच घेतला.

वस्तुतः चार्ल्स स्टेंट या इंग्रज दंतवैद्याच्या आडनावावरून आलेला हा शब्द पित्तमार्गाच्या शल्यप्रयोगांत 1954 मध्येच वापरला गेला होता. हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसला तो 1986 मध्ये. मराठीत मात्र नंतरचा अर्थ आधी रुजला.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. प्लॅस्टिकची 10 फ्रेंच मापाची नळी बाहेरून जेमतेम 3.3 मि.मी. जाडीची असते. आतड्यातील जंतू तिच्या आतील पृष्ठावर थर धरतात; त्यांच्या विकरांमुळे बिलिरुबिनाचा कॅल्शियमयुक्त गाळ साचतो. म्हणून ती सामान्यतः तीन महिन्यांच्या सुमारास बदलावी लागते. धातूच्या जाळीची नळी सुमारे 10 मि.मी. फुलते व अधिक टिकते. 1992 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, कर्करोगाने पित्तमार्ग अडलेल्या रुग्णांवरील चाचणीत धातूच्या नळीचा मध्यक काळ 273 दिवस, तर प्लॅस्टिकच्या नळीचा 126 दिवस भरला. परंतु जाळीच्या छिद्रांतून अर्बुद आत वाढते. आवरण घातल्यास नळी सरकण्याचा संभव वाढतो. तात्पर्य, कोणतीही रचना तुंबण्यापासून सर्वस्वी मुक्त नाही.

वैद्य तोंडी सांगतातच, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु भूल उतरता उतरता ऐकलेले स्मरणात राहत नाही. घरी उरतो तो कागद. नवा संस्कृत प्रतिशब्द घडवूनही हे साधणार नाही, कारण उणीव नामाची नसून क्रियापदाची आहे. ‘दाखवावे’ या क्रियापदाला ना काळ आहे ना कारण. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘यकृतातील पित्तरस आतड्यात उतरावा म्हणून प्लॅस्टिकची तात्पुरती नळी घातली आहे. ती तुंबते. अमुक तारखेच्या आत बदलून घ्यावी. ताप, थंडी किंवा कावीळ दिसल्यास त्याच दिवशी यावे.’

या चार वाक्यांत ‘स्टेंट’ हा शब्द नाही, आणि त्यावाचून काही अडलेही नाही. परिभाषेच्या अभ्यासकांनी कोशाबरोबर असे कागदही परीक्षणास घ्यावेत, एवढीच सूचना.