'मैदान'मधील रहीमसाहेब : पडद्यावर न आलेला शिक्षक

अमित शर्मा दिग्दर्शित 'मैदान' हा हिंदी चित्रपट एप्रिल २०२४ मध्ये ईदच्या सुमारास प्रदर्शित झाला. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक मरहूम सय्यद अब्दुल रहीम यांच्या कार्यावर तो आधारलेला असून त्यांची भूमिका अजय देवगण यांनी केली आहे. कुक्षीत आमच्या विद्यार्थ्यांनी तो बहुधा मोबाइलवरच पाहिला. रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर होते, असे मी वर्गात सांगितले तेव्हा चित्रपट दोनदा पाहिलेल्या एका मुलाचा विश्वासच बसेना. माझी तक्रार येथूनच सुरू होते.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ मध्ये हैदराबादेत झाला. त्यांचे शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. पुढे काचिगुडा मिडल स्कूल, चादरघाट हायस्कूल आदी शाळांत त्यांनी अध्यापन केले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि १९४३ मध्ये हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीसपद स्वीकारले. चेंडू पायाशी घोळवत नेण्यास बंदी असलेल्या स्पर्धा त्यांनी भरवल्या, त्या खेळाडूंचा वेग आणि पास सुधारावा म्हणून. कमजोर पायानेही खेळता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह असे. चुकीची सवय हेरून तिच्यावर नेमका स्वाध्याय देण्याची ही रीत वर्गात शिकवणाऱ्याला लगेच ओळखू येईल. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. चित्रपटात यातले जवळजवळ काहीच नाही. कथा सुरू होते ती १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील युगोस्लाव्हियाकडून झालेल्या १०-१ अशा पराभवापासून. आदल्याच वर्षी दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली मिळालेले सुवर्णपदक बाजूला राहते. परिणामी ते कुठूनतरी अवतरलेले अद्भुत पुरुष वाटतात.

दुसरी उणीव भाषेची आहे. हैदराबादची दखनी मराठीच्या शेजारी वाढली. तिच्यातला 'नक्को' आणि शब्दाला जोडून येणारा 'च' मराठी माणसाला परका वाटत नाही. देवगण यांच्या तोंडी मात्र मुंबईच्या चित्रसृष्टीचे नेहमीचे हिंदी आहे. संयमित अभिनय करणाऱ्या या नटाकडून एवढी अपेक्षा अवाजवी नव्हती. बंगाली, पंजाबी, तमिळ, गोमंतकीय खेळाडूंशी हा मास्तर कसा बोलत असेल, हा प्रश्नच चित्रपटाला पडत नाही.

चित्रपटातील सारा विरोध एक पत्रकार आणि महासंघातले काही पदाधिकारी यांच्यावर ढकलला आहे. संघनिवडीतील प्रांतिक चुरस खरी होती, पण बंगालने या संघाला दिलेही पुष्कळ. १९५१ चे कर्णधार शैलेन मन्ना, १९५६ चे समर बॅनर्जी आणि १९६२ चे चुनी गोस्वामी हे तिघेही बंगालचेच. उलट बाजूने, आपल्या नियतकालिकांतूनही रहीमसाहेबांचा उल्लेख 'कौमचे रत्न' एवढ्यावरच संपतो. तोही मला अपुरा वाटतो. मेलबर्नला १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवताना तीन गोल केले मुंबईत खेळणाऱ्या गोमंतकीय नेव्हिल डिसूझांनी. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. त्या वेळी भारत चौथा आला.

जकार्ताचा भाग मात्र उत्तम साधला आहे. इस्रायल व तैवान यांना वगळल्याबद्दल भारतीय प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतल्यामुळे तेथील प्रेक्षक भारतावर चिडलेले होते. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव झाला होता. त्याच कोरियाला ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात २-१ असे हरवले. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला रहीमसाहेबांनी आघाडीला खेळवले आणि एक गोल त्यांनीच केला, दुसरा पी. के. बॅनर्जींचा. हा सामना पाहताना मीही खुर्चीच्या कडेवर होतो, हे मान्य केले पाहिजे.

रहीमसाहेबांचे निधन ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने झाले. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात होते. वडिलांनी त्यांना तेथे एकही सामना खेळवला नाही.