मांजराची घंटा आणि शिकारीची मोजदाद

मांजराच्या गळ्यात घंटा बांधली की बागेतले पक्षी वाचतात, असा समज आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी नैऋत्य इंग्लंडमधील २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर केलेल्या प्रयोगात (२०२१) घंटेचा ठळक परिणाम आढळला नाही. गळपट्ट्यावर चढवलेल्या रंगीबेरंगी कापडाने मात्र घरी आणलेले पक्षी ४२ टक्क्यांनी घटले. भरपूर मांस असलेल्या, धान्यविरहित आहाराने एकूण शिकार ३६ टक्क्यांनी, तर रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्याने २५ टक्क्यांनी कमी झाली.

प्रयोग चांगलाच आहे. पण मोजले काय? घरी आणलेली शिकार! अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मांजरांच्या गळ्यात कॅमेरे अडकवून केलेल्या अभ्यासात (२०१३) जेमतेम २३ टक्के शिकार घरी आली होती.

कापडाचा निष्कर्ष मला पटतो. उंदरांसारखे सस्तन प्राणी घरी येतच राहिले, फक्त पक्षी घटले. म्हणजे शिकार घरी आणण्याची सवय बदललेली नव्हती, पक्ष्यांनाच रंग दिसत होता. आहाराबाबत असा पडताळा मिळत नाही, कारण तिथे दोन्ही घटले. पोट भरलेले मांजर शिकार टाळते, की मारून तिथेच टाकते? घरमालकाच्या वहीतून हे कळणार नाही. त्या गटातल्या मांजरांना कॅमेरे लावायला हवे होते.