सूडाची बडतर्फी आणि नुकसानभरपाईचे माप

कामावरील दुखापतीबद्दल भरपाई मागितली, एवढ्याच कारणावरून कामगारास बडतर्फ केले, तर त्याच्या हानीचे मोजमाप कसे करावयाचे? अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मोटोरोला कंपनीविरुद्धच्या खटल्यात १९७८ साली दिलेले या प्रश्नाचे उत्तर तत्त्वतः सबळ, परंतु फलतः अपुरे आहे.

मुदतीचा करार नसलेल्या नोकरास मालक वाटेल तेव्हा काढू शकतो, हा तेथील रूढ नियम होय. भरपाईच्या कायद्याने कामगाराचा मालकावर दिवाणी दावा लावण्याचा हक्क काढून घेतला व त्याच्या मोबदल्यात, मालकाचा दोष सिद्ध न करताही मिळणारी ठरावीक भरपाई देऊ केली. ती मागताच नोकरी जाणार असेल, तर हा व्यवहार एकतर्फीच ठरतो. म्हणून इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली अशा बडतर्फीपुरता या नियमास अपवाद केला. इलिनॉयनेही तोच मार्ग धरला.

मोटोरोलाच्या खटल्यातील कामगार स्त्रीस, मागणी पुढे चालविल्यास नोकरी जाईल, अशी ताकीद आधीच मिळाली होती. ज्यूरीने १,००० डॉलर नुकसानभरपाई व २५,००० डॉलर दंडात्मक भरपाई ठरविली. पहिली रक्कम पुढे बुडालेल्या वेतनापुरती, म्हणजे ७४९ डॉलरपर्यंत, खाली आणण्यात आली.

येथेच विचाराचा खरा मुद्दा उपस्थित होतो. बुडालेले वेतन हे एका कामगाराच्या हानीचे माप आहे. सूडाचा लाभ मात्र उरलेल्या सर्वांच्या मौनात असतो. शिवाय काढलेल्या कामगाराने जितक्या लवकर दुसरे काम शोधावे, तितका मालकाचा भार हलका होतो. दंडात्मक भरपाईवाचून मालकास धाक बसणार नाही, हे न्यायालयाने स्वतःच मान्य केले.

तथापि हे तत्त्व नवे असल्याने पूर्वी घडलेल्या कृत्याबद्दल दंड करणे अन्यायाचे होईल, असे म्हणून त्याने ते २५,००० डॉलर नाकारले. अघोषित नियमान्वये कोणास दंड करू नये, हे तत्त्व आदरणीय खरे. परंतु कायद्याने दिलेला हक्क बजावू नये, अशी ताकीद देणाऱ्या मालकास आपल्या कृत्याचे स्वरूप अज्ञात होते, असे मानणे कठीण आहे. जिच्या दाव्यामुळे इलिनॉयमधील पुढच्या कामगारांस पूर्ण संरक्षण लाभले, तिच्या वाट्यास ७४९ डॉलरच आले. हक्क मान्य होऊनही त्याचे मोल अल्प ठेवले, तर तो हक्क विकत घेणे मालकास परवडते. या निर्णयाची उणीव तेथेच आहे.