टायमनच्या दारचे पाहुणे

शेक्सपियरचें ‘टायमन ऑफ अथेन्स’ (प्रथम छापलें १६२३) हें कृतघ्नतेचें नाटक, असें म्हणण्याचा प्रघात आहे. पूर्वार्धापुरतें तें खरें. टायमनच्या पंक्तीला जेवलेले मित्रच पडत्या काळीं त्याला कर्ज नाकारतात, आणि तो रानांत निघून जातो. उत्तरार्धाचा न्याय मात्र आमच्या मतें निराळा आहे. कंदमुळें खणतांना टायमनला सोनें सांपडतें आणि गुहेशीं माणसें येऊं लागतात. येईल त्याला शिव्याशाप हेंच तेथील आतिथ्य! सेनापति आल्सिबायडीज, या सोन्याची वार्ताही नसतां, मैत्रीचा हात पुढें करतो, स्वतःजवळचें थोडें धन देऊं करतो. त्याचीही झिडकारणीच होते. त्याच्याबरोबरच्या गणिकांचें मात्र ठीक चालतें. सोनें पदरांत पडत असेल तर शाप ऐकण्यास त्यांची ना नाहीं. (लोभी मनुष्याइतकी सहनशीलता साधुपुरुषांतही विरळाच!) जुना कारभारी फ्लेव्हियस केवळ सेवेसाठीं रडत येतो. टायमन त्याला प्रामाणिक म्हणतो, सोनें देतो, आणि कोणावर दया करूं नकोस असें बजावून हांकलून देतो.

मनुष्यजात लोभी आहे या सिद्धान्ताला आतां पुरावा कसा न मिळावा? प्रेमानें आलेल्यांना टायमन उभें राहूं देत नाहीं, आणि उरलेल्यांवरून जगाची परीक्षा करतो. पुढें अथेन्सचे वृद्ध सभासद त्याला परत न्यावयास येतात. त्यांना गुहा दाखविणारा फ्लेव्हियसच; पण बोलणें व्यर्थ आहे, हें तो त्यांना वाटेंतच सांगून टाकतो.