पुण्याची लूट आणि सरकारचा बंदोबस्त
(सन १७९७ ते १८०२)

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीविषयीं लिहितांना आपल्याकडील बहुतेक लेखक दोन माणसांच्या माथीं सर्व दोष मारून मोकळे होतात. सन १७९८ मध्यें पुण्याचा छळ सर्जेराव घाटग्यानें केला आणि सन १८०२ मध्यें पुण्याची धूळधाण यशवंतराव होळकरानें केली, अशी ही मांडणी आहे. एकाचें क्रौर्य व दुसऱ्याचा सूड हीं दोन कारणें सांगितलीं म्हणजे वाचकाचेंही समाधान होतें. कारण क्रूर माणूस व सुडानें पेटलेला माणूस हे दोघेही कथेंत शोभून दिसतात. परंतु कथा शोभविणें हें इतिहासाचें काम नव्हे. ज्या सरकारच्या राजधानींत हे दोन प्रकार अवघ्या चार वर्षांच्या अंतरानें घडले, तें सरकार त्या वेळीं काय करीत होतें, हा प्रश्न आमच्या मतें पहिला होय. आणि तोच बहुधा शेवटीं विचारला जातो, किंवा मुळींच विचारला जात नाहीं. त्याचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

राज्यावर येणाऱ्या संकटांचे बाह्य कोप व अभ्यंतर कोप असे दोन भेद आपल्या नीतिशास्त्रकारांनीं केले आहेत. घरांत शिरलेल्या सापाचें भय जसें मोठें, तसा अभ्यंतर कोप हा बाह्य कोपापेक्षां अधिक वाईट, असें कौटिल्याचें मत आहे. प्रजेकडून षष्ठांश घेणारा राजा तो रक्षणाचें वेतन म्हणून घेतो, आणि रक्षण न करतां कर घेणारा राजा प्रजेच्या पापाचा वांटेकरी होतो, असा धर्मशास्त्राचा निर्णय आहे. म्हणून पुढील विवेचनांत बाजीरावास कोणत्याही परक्या किंवा अर्वाचीन मापानें आम्ही मोजीत नाहीं. जें माप त्याच्या दरबारांतील शास्त्री रोज तोंडानें म्हणत असतील, तेंच येथें लावावयाचें आहे.

प्रथम साधनांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. या काळाचा जो वृत्तांत सर्वत्र रूढ झाला, तो मुख्यतः ग्रँट डफच्या सन १८२६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या इतिहासावरून. त्यास इंग्रज वकिलातीच्या पत्रव्यवहाराची जोड मिळते. सन १७९८ पासून पामर व त्याच्यामागून क्लोज हे पुण्यास इंग्रजांचे वकील होते. हे लेखक डोळस होते, परंतु निरपेक्ष नव्हते. पुण्यांतील अंदाधुंदी जितकी ठळक दिसेल, तितकी तैनाती फौजेची गरज अधिक पटेल, हें उघड आहे. उलट बाजूस खरेशास्त्र्यांनीं मोठ्या कष्टानें उजेडांत आणलेला पटवर्धनी पत्रव्यवहार आहे. परंतु पटवर्धन व बाजीराव यांचें वांकडें होतें, हेंही विसरतां येत नाहीं. तेव्हां विवेक असा ठेविला पाहिजे कीं, ज्या गोष्टी परस्परविरुद्ध हितसंबंधाच्या साधनांत सारख्याच आढळतात, त्या ग्राह्य मानाव्या. जेथें एकाच पक्षाचा कागद बोलतो, तेथें आवाज खालीं ठेवावा.

आतां घटनाक्रम पाहूं. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्यें वारले. त्यानंतरच्या वर्षभराच्या कारस्थानांत एकदां चिमाजी आप्पास गादीवर बसविण्यांत आलें, आणि अखेर डिसेंबर १७९६ मध्यें बाजीरावास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. या कारस्थानांत प्रत्येक पक्षानें दौलतराव शिंद्यास पैशाचीं वचनें दिलीं होतीं. बाजीरावानें दिलेल्या वचनाचा आंकडा दोन कोटि रुपये सांगतात. तिजोरींत एवढा पैसा नव्हता आणि शिंद्यांची फौज पुण्याभोवतीं तळ देऊन बसली होती. येथून पुढील सर्व अनर्थाचें मूळ हेंच होय.

तुकोजी होळकर १५ ऑगस्ट १७९७ रोजीं पुण्यास वारले. त्यांच्या मुलांत वांटणीचा तंटा लागतांच, पुरा महिना लोटतो न लोटतो तोंच, शिंद्यांच्या पलटणींनीं राजधानीच्या सीमेवर असलेल्या होळकरांच्या गोटावर रात्रीं छापा घातला. मल्हारराव मारले गेले. यशवंतराव व विठोजी निसटले. दोन सरदारांचा तंटा मिटविणें हें पेशव्याचें पहिलें कर्तव्य. परंतु त्याच्या दाराशीं एका सरदारानें दुसऱ्याचा वारस ठार केला असतां सरकारनें न चौकशी केली, न शासन केलें. याच मौनांतून पुढें यशवंतरावाची फौज जन्मास आली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशीं, म्हणजे ३१ डिसेंबर १७९७ रोजीं, नाना फडणीस शिंद्यांच्या गोटांत भेटीस गेले असतां, त्यांच्या सुखरूपतेची शपथ वाहिलेल्या फिलोज नांवाच्या फिरंगी सरदारानेंच त्यांस कैद केलें. त्या रात्रीं नानांच्या पक्षाच्या लोकांचीं घरें लुटलीं गेलीं व शहरांतील रस्त्यांत मारामाऱ्या चालल्या. पुढें सन १७९८ च्या आरंभीं घाटग्याची कन्या बायजाबाई हिचें दौलतरावाशीं लग्न झालें, घाटगे शिंद्यांचा दिवाण झाला, आणि दोन कोटींची वसुली पुण्याच्या सावकार, कारकून व श्रीमंत गृहस्थांकडून सुरू झाली. प्रतिष्ठित लोकांस वाड्यांतून धरून नेऊन यातना दिल्या. नानांचे आप्त गंगाधरपंत भानू हे तापलेल्या तोफेस बांधले असतां मरण पावले. ही वसुली करण्याची वाट बाजीरावानेंच शिंद्यास दाखविली, असें ग्रँट डफ स्पष्ट लिहितो. तें एकट्या डफचें म्हणणें आहे म्हणून क्षणभर बाजूस ठेवलें, तरी एक गोष्ट उरतेच: देणें पेशव्याचें होतें, आणि तें फेडलें जात होतें त्याच्या रयतेच्या अंगावरील चाबकानें. ऋणको कोण व फेड कोणाकडून, एवढें पाहिलें म्हणजे दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा, हें सांगावयास नको.

याहून बोलका प्रसंग जून १७९८ चा आहे. महादजी शिंद्यांच्या विधवांवर घाटग्यानें अत्याचार केल्यामुळें त्यांनीं बाजीरावाचे बंधु अमृतराव यांचा आश्रय केला होता, व अमृतरावांचा तळ खडकीच्या बाजूस नदीकांठीं होता. मोहरमच्या दिवसांत शांतता राखावयाची, असें निमित्त करून घाटग्यानें पलटणी व तोफा नदीपर्यंत आणल्या आणि त्याच तळावर एकाएकीं मारा करून तो लुटला. बंदोबस्त हा शब्द ज्या राज्यांत लुटीचें निमित्त होतो, त्या राज्यांत चोर कोण व चौकीदार कोण हें रयतेनें ओळखावें तरी कशावरून?

येथें असा आक्षेप येईल कीं, पुण्याची कोतवालीच दुबळी होती, तिच्याकडून दुसरें काय घडणार? आम्हांस हा आक्षेप टिकणारा वाटत नाहीं. पुण्यांत रात्रीच्या तोफेनंतर रस्त्यांत फिरूं नये, असा दंडक होता व तो कडकपणें पाळला जात असे. बाजीरावाच्या अखेरच्या वर्षांतील पुण्याच्या पोलीसखर्चाचा आंकडा एल्फिन्स्टननें आपल्या सन १८१९ च्या अहवालांत महिना सुमारें नऊ हजार रुपये असा दिला असून शहरच्या बंदोबस्ताविषयीं त्याचें मत अनुकूल आहे. म्हणजे याच पेशव्याच्या कारकीर्दींत शहराचें रक्षण करणें साध्य होतें. कोतवालास चोर धरतां येत होता. परंतु खुद्द सरकारच्या देण्यासाठीं जो लुटीत होता, त्यास तो कोणत्या चावडीवर नेणार? सन १७९१ मध्यें घाशीराम कोतवालाच्या कोठडींत ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हां लोक नानांच्या दारीं गेले व अखेर ३१ ऑगस्ट रोजीं घाशीराम जमावाच्या दगडांखालीं मेला. तो न्याय होता असें आम्ही म्हणत नाहीं. जमावाचा राग हा न्याय नव्हे. परंतु दाद मागावयास दार तरी होतें. सात वर्षांनीं तें दारही उरलें नाहीं.

आतां युद्धाकडे वळूं. सन १८०० च्या मार्चच्या १३ तारखेस नाना वारले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दौलतराव उत्तरेकडे निघून गेले. बाजीरावास मोकळा श्वास घेण्याची ही संधि होती. तिचा उपयोग त्यानें जुने दावे उगविण्याकडे केला. एप्रिल १८०१ मध्यें विठोजी होळकर कैद होऊन पुण्यास आला, तेव्हां त्यास हत्तीच्या पायीं देऊन मारण्यांत आलें. विठोजीनें मुलुखांत पुंडावा केला होता, हें खरें. परंतु त्याचा भाऊ उत्तरेंत मोठी फौज बाळगून आहे, शिंद्यांशीं त्याचें युद्ध जुंपलें आहे, आणि आपल्याजवळ भरंवशाची अशी फौज नाहीं, हें ठाऊक असतांना ओलीस म्हणून उपयोगी पडणारा कैदी मारून टाकणें याला राजनीति म्हणावें कीं काय? दया बाजूस ठेवून केवळ स्वार्थ पाहिला, तरी हें कृत्य मूर्खपणाचें ठरतें.

यशवंतराव सन १८०२ मध्यें दक्षिणेंत उतरला, तो अकस्मात् नव्हे. मल्हाररावाचा अल्पवयी पुत्र खंडेराव शिंद्यांच्या कैदेंतून सोडवावा व होळकरांची दौलत त्यांस परत मिळावी, ही त्याची मागणी होती, आणि ती त्यानें पेशव्यास पूर्वीं कळविली होती. ही मागणी मान्य करणें किंवा लढाईची तयारी करणें, असे दोन मार्ग होते. बाजीरावानें दोन्ही सोडून कालहरणाचा तिसरा धरिला. ८ ऑक्टोबर रोजीं बारामतीजवळ होळकरांच्या फत्तेसिंग मान्यानें पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. तेथून २५ ऑक्टोबरच्या हडपसरच्या लढाईपर्यंत सतरा दिवस होते. या सतरा दिवसांत पुण्याच्या रक्षणाचा सर्व भार शिंद्यांच्या सदाशिव भास्कराच्या फौजेवर टाकून स्वतः पेशवा इंग्रज वकिलाशीं तहाचें बोलणें करीत होता. ऐन दिवाळींत हडपसरास तोफा सुरू झाल्या. शिंद्यांच्या पलटणींचा सरदार डॉज लढतां लढतां पडला. ज्याच्या राज्यासाठीं तो पडला, तो पेशवा त्याच दिवशीं सिंहगडाच्या रोखें निघून गेला. पुढें महाड, सुवर्णदुर्ग व तेथून इंग्रजी जहाजानें वसई हा त्याचा मार्ग सर्वश्रुत आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईचा तह झाला व सहा पलटणींच्या खर्चासाठीं २६ लक्षांचा मुलूख तोडून देण्याचें ठरलें.

मागें राहिलेल्या शहराचें काय झालें? जय मिळतांच यशवंतरावानें शहराच्या रक्षणास चौक्या बसविल्या होत्या, ही गोष्ट त्याचे निंदकही मान्य करितात. फौजेचा पगार तुंबल्यावर मात्र त्यानेंही घाटग्याचाच मार्ग धरिला, आणि चार वर्षांपूर्वीं जे वांचले होते ते आतां नागवले गेले. यशवंतरावाचा हा दोष आम्ही लपवीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, राजधानींतील श्रीमंतांस यातना देऊन फौजेचें देणें भागवितां येतें, हा पाठ त्यास नव्यानें शोधावा लागला नाहीं. तो सरकारनेंच घालून दिला होता.

बाजीरावाच्या बाजूनें जें सांगण्यासारखें आहे, तेंही सांगितलें पाहिजे. त्याचें बालपण व तारुण्य कैदेंत गेलें. राज्य हातीं आलें तें कर्जासह आलें. नाना, परशुरामभाऊ व दौलतराव या तिघांनीं त्यास आळीपाळीनें खेळविलें. म्हणून संशय व कपट हे त्याच्या स्वभावाचे घटक झाले असल्यास नवल नाहीं. परंतु दुर्दैवानें माणूस भित्रा होतो असें धरलें, तरी भित्र्या माणसासही आपल्या भीतीचा खर्च दुसऱ्याच्या नांवें लिहिण्याचा अधिकार येत नाहीं. दौलतरावास मुलूख लावून देतां आला असता. यशवंतरावास खंडेराव परत देववितां आला असता, निदान तसा प्रयत्न करितां आला असता. वसईस इंग्रजांस मुलूख तोडून देणाऱ्यास आधीं स्वकीयांस तोडून देणें अशक्य होतें, असें कोण म्हणेल?

१७ नोव्हेंबर १८१७ रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें, तेव्हां शहर लुटलें जाऊं नये याची एल्फिन्स्टननें काळजी घेतली. परक्यानें जिंकल्यावर घर शाबूत राहिलें, आणि आपल्यांनीं राखलें असतां दोनदां लुटलें गेलें, हा अनुभव त्या पिढीच्या मनांत काय करून गेला असेल, त्याचा विचार राज्य कां गेलें याची चर्चा करणारांनीं अवश्य करावा. तोफा व कवायत यांच्याइतकेंच तें कारण वजनदार आहे, असें आमचें मत झालें आहे. रयतेचा भरंवसा हाही एक किल्लाच असतो. तो बाजीरावानें १७९८ मध्येंच शत्रूस मोकळा करून दिला.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति आहे. या दोन लुटींचा खरा हिशेब दरबारी पत्रांत मिळणार नाहीं. तो सावकारी वह्यांत, दंडाच्या पावत्यांत, गहाणखतांत व स्त्रीधन मोडल्याच्या यादींत मिळेल. शके १७१९ ते १७२५ या सालांचे असे कागद ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं ते क्षुल्लक म्हणून बाजूस टाकूं नयेत. त्यांत एखाद्या घराण्याचा पूर्वज लुटला गेल्याचें दिसेल, तसा एखाद्याचा पूर्वज वसुलीचा मध्यस्थ होता असेंही दिसेल. पहिल्या प्रकारचे कागद लोक अभिमानानें दाखवितात. दुसऱ्या प्रकारचे पेटीच्या तळाशीं राहतात व कसरीच्या भक्ष्यस्थानीं पडतात. पूर्वजाचा दोष झांकल्यानें त्याची अब्रू राखली जात नाहीं; ज्यांनीं त्या वेळीं दाद मागितली व ज्यांस ती मिळाली नाहीं, त्यांचा अर्ज मात्र दुसऱ्यांदा फेटाळला जातो. दोनशेंहून अधिक वर्षांनीं कां होईना, तो अर्ज वाचला जावा, एवढीच आमची इच्छा आहे.