झील धरता येईल असं गाणं

चळवळीच्या गाण्याची माझी कसोटी साधी आहे. दिवसभर कापूस वेचून आलेल्या, गळा नसलेल्या माणसालाही त्याची झील धरता आली पाहिजे. नुसतंच ऐकावं लागणारं गाणं कितीही थोर असो, मोर्चात ते चार पावलं चालत नाही.

आमच्या आबाजींच्या पिढीचं गाणं म्हणजे तुकडोजी महाराजांची खंजिरी. १९३० साली बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, राखीव जंगलातलं गवत कापलं, हे आबाजी रंगवून सांगत. पण गाण्याचा विषय निघाला की गाडी खंजिरीवरच येई. महाराजांनी देशासाठीही भजनाचीच रीत ठेवली. ते सांगत, मंडळी मागून म्हणत. १९४२ साली चिमूर-आष्टी पेटलं आणि सरकारनं महाराजांना तुरुंगात टाकलं. भजनाला सरकार काहून भ्यालं, असं विचारलं तर आबाजी म्हणत, "बंदूक एकाजवळ राह्यते रे बापू, गानं साऱ्यायजवळ."

बाबांच्या पिढीचं गाणं अण्णा भाऊ साठ्यांचं, 'माझी मैना गावावर राहिली'. पोटासाठी मुंबईला गेलेल्या माणसाची ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राची कधी होते ते कळतही नाही. त्यात बायको आधी येते, मागणी मागून. गंमत म्हणजे वेगळ्या विदर्भासाठी जांबुवंतराव धोट्यांच्या सभेला जाणारी आमच्या गावची माणसंही ती गुणगुणत. मागणी पटली नाही, तरी ताटातूट पटली होती. राजकीय गाण्याला याहून मोठी पावती कोणती?

तिकडे बौद्धपुऱ्यात वामनदादा कर्डक होते. अक्षरओळख नसलेल्या मावश्यांना त्यांची गाणी कडव्यांसकट पाठ. शाळेनं जे शिकवलं नाही ते या गाण्यांनी शिकवलं.

आमच्या पिढीचं लाडकं गाणं सुरेश भटांचं, 'उषःकाल होता होता'. भट अमरावतीचे, म्हणजे आपल्याच वऱ्हाडातले. १९७९ च्या 'सिंहासन' सिनेमात हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर आशाबाईंनी ते गायलं. शब्द अंगावर काटा आणणारे. पण कापसाच्या भावासाठी शरद जोशींच्या सभेला जाताना ट्रॅक्टरमध्ये आम्ही ते म्हणून पाहिलं, तर दुसऱ्या ओळीलाच सगळ्यांचे गळे बसले. मग घोषणाच सुरू केल्या. गाणं उत्तम, पण आमच्या गळ्यात मावणारं नव्हतं.

पुतण्याची पिढी मोबाईलवर रॅप ऐकते, मिरवणुकीत डीजे लावते. त्यातला राग खरा आहे. पण डीजेपुढं माणूस नाचतो, गात नाही; त्याचाच आवाज त्याला ऐकू येत नाही. पुतण्या म्हणतो, "काका, तुमचं गानं पारापुरतं. आमचं दिल्लीपावतर जाते." हेही खोटं नाही.

मला बोचतं ते निराळंच. १९ मार्च १९८६ ला आपल्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करप्यांनी सहकुटुंब मरण पत्करलं. ते स्वतः भजन गाणारे. त्यानंतर या मरणावर कविता पुष्कळ झाल्या, भाषणं तर मोजू नयेत इतकी. पण रात्री पारावर चौघं मिळून म्हणतील असं एक गाणं मला गावात ऐकू आलं नाही. कारण शोधायला लांब जायला नको. कर्जात बुडालेला माणूस आधी एकटा पडतो, आणि एकट्याच्या गाण्याला झीलकरी नसतो.

पण 'तेरवं' या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. आपलं दुःख त्यांनी दुसऱ्या कोणाला सांगायला दिलं नाही. जात्यावर एकीनं ओवी सुरू केली की दुसरी पुढची ओळ उचलते, ही बायांची जुनी सवय. या मरणाचं गाणं आलं, तर ते याच बाजूनं येईल. तेव्हा आपण बाप्यांनी भाषण आवरून मागून झील धरावी.